गाळलेला शेरा

मेरियन अॅटवेलने कोल्डहॅमच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. गावात पन्नाशीच्या आतला असा माणूस विरळाच, ज्याच्या वहीवर तिची लाल पेन्सिल फिरली नव्हती. निवृत्त झाल्यावर ती गावच्या पंचायतीवर निवडून आली, म्हणजे समोर कुणी उभंच राहिलं नाही. पंचायतीत सात जण. महिन्यातून एकदा जमायचं आणि स्मशानाच्या कुंपणावर, बसथांब्याच्या गळक्या छपरावर, कुत्र्यांच्या घाणीवर बोलायचं. फुटबॉलच्या मैदानाचं प्रकरण आलं नसतं, तर तिचा हा कार्यकाळ असाच सुखाने संपला असता.

तीन मैलांवरच्या वेस्टरिंग शहराचा फुटबॉल क्लब होता. फार मोठा नव्हता, पण शंभर वर्षांचा. त्यांच्या जुन्या मैदानाच्या भाडेकराराची मुदत संपत आली होती आणि मालकाला तिथे फ्लॅट बांधायचे होते. क्लबने नव्या स्टेडियमसाठी कोल्डहॅमच्या वेशीवरचं जवाचं शेत हेरलं. चार हजार माणसं बसतील एवढं स्टेडियम, सातशे गाड्यांची जागा, दिव्यांचे चार उंच मनोरे. मेरियनच्या न्हाणीघराच्या खिडकीतून ते शेत दिसायचं. पण खरं सांगायचं तर तिचा राग शेतापासून सुरू झाला नव्हता. तो सुरू झाला गावच्या सभागृहातल्या बैठकीत.

क्लबने तिथे एक वाहतूकतज्ज्ञ आणला होता. गुळगुळीत दाढी, टोकदार बूट. गावातल्या रस्त्यावरून शनिवारी दुपारी दोन तासांत तीनशे बारा गाड्या जातात, सामन्याच्या दिवशी त्यात थोडीफार भर पडेल, रस्त्याला ते सहज पेलेल, असं तो पडद्यावर आलेख दाखवत सांगत होता. मेरियनने हात वर करून विचारलं की ही मोजणी कोणत्या महिन्यात केली आणि किती वेळा. तो हसला.

"मावशी, ते गणित जरा किचकट असतं. आकड्यांचं तुम्ही आमच्यावर सोडा."

मागच्या रांगेत दोघंतिघं हसले. क्लबवाले नव्हते ते, गावातलेच होते. मेरियनचे कान तापले. ती खाली बसली आणि उरलेली बैठकभर तिला काही ऐकूच आलं नाही.

पुढच्या पंचायत सभेत आपली आपण मोजणी करायची असं ठरलं आणि तिने ते काम मागून घेतलं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी एक वाजता ती चर्चच्या फाटकाशी घडीची खुर्ची टाकून बसली. थर्मासमध्ये चहा, गुडघ्यांवर चौकड्याची शाल, आणि हातात सहलीला पोरं मोजायचं ते जुनं यंत्र, खटका दाबला की आकडा एकाने पुढे सरकायचा. पहिल्या अर्ध्या तासातच अंगठा दुखायला लागला. गाड्यांची रीघ लागली होती. एवढ्या गाड्या तिने जन्मात कधी या रस्त्यावर पाहिल्या नव्हत्या. मनातल्या मनात ती त्या टोकदार बुटांना सांगत होती, ये आता, बघ.

पावणेदोनला, मागे घोडे वाहून न्यायचा गाडा जोडलेली एक जीप तिच्यासमोर थांबली. चालवणाऱ्याने काच खाली करून वेस्टरिंगचा रस्ता विचारला. वर म्हणाला, बायपासवर पाण्याची मोठी नळी फुटलीय, सगळी वाहतूक इकडे वळवलीय, सकाळपासून हाच गोंधळ आहे.

मेरियनने त्याला रस्ता सांगितला. तो गेल्यावर तिने तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलने लिहिलं: बायपास बंद, वाहतूक वळवलेली. हे लिहिताना तिला काही वाटलं नाही. शेरा लिहायचाच असतो. मग ती तीन वाजेपर्यंत मोजत राहिली, कारण मध्येच उठून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. आकडा झाला आठशे एकाहत्तर.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने तक्ता पक्क्या शाईत उतरवायला घेतला. वेळ, दिशा, संख्या, बेरीज. शेवटी शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. पुढच्या शनिवारी पुन्हा बसावं लागेल, हे तिला कळत होतं. पुढच्या शनिवारी तीनशे बाराच भरतील, हेही कळत होतं. ती उठली, किटली ठेवली, चहा केला, प्यायली, कप धुतला. परत येऊन बसली आणि रकान्यात एक आडवी रेघ मारली. शेरा नाही, अशा अर्थाची. खोटा आकडा तिने एकही लिहिला नव्हता. एक ओळ फक्त लिहिली नव्हती.

मंगळवारी तो कागद तिने पंचायतीचा अध्यक्ष क्लाइव्ह पेनफोल्ड याच्यापुढे ठेवला. ट्रॅक्टर विकून गब्बर झालेला, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने आकडा वाचला, मान वर करून तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मेरियनबाई, तुम्ही सोनं आणलंत." कुणी काही विचारलं नाही.

डिसेंबरात जिल्ह्याच्या नियोजन समितीपुढे विषय आला. पंचायतीला बोलायला तीन मिनिटं होती. मेरियनने नेव्ही निळा कोट घातला होता. क्लबचा तज्ज्ञ तीनशे बारा म्हणतो आणि मी स्वतः बसून मोजल्या त्या आठशे एकाहत्तर, यावर उद्या आणखी हजार गाड्यांचं ओझं पडलं तर आमच्या पोरांनी शाळेत जाताना रस्ता कसा ओलांडायचा, असं ती बोलली. शनिवारी शाळा नसते हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. क्लबच्या तज्ज्ञाने आकडा कुठल्या दिवसाचा आहे ते तपासायला वेळ मागितला, तो मिळाला नाही. मग समितीतला एक सदस्य उठला. त्याला तिने सातचा, आठचा आणि नऊचा पाढा शिकवला होता, आणि नऊच्या पाढ्यासाठी दोनदा मधल्या सुटीत बसवून ठेवलं होतं.

"बाईंची बेरीज चुकलेली मी तरी कधी पाहिली नाही," तो म्हणाला. "मला मत द्यायला एवढं पुरे आहे."

सभागृहात हशा पिकला. नऊ विरुद्ध चार मतांनी अर्ज फेटाळला गेला. निकालपत्रात कारण एकच नोंदवलं: रहदारी.

त्या संध्याकाळी गावच्या पबमध्ये क्लाइव्हने सगळ्यांना सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू पाजली. मेरियनच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की तिचा खांदा ठणकायला लागला.  डोकं दुखतंय असं सांगून ती लवकर निघाली. रस्त्यावर नेहमीसारखाच शुकशुकाट होता. घरी पोचेपर्यंत एक गाडी गेली.

तिच्या घरापासून दोन दारं सोडून पॉलिन ब्रॅकेट राहायची. साठीची, हाडकुळी, तोंडाने फटकळ बाई. बावीस वर्षं ती क्लबच्या खेळाडूंचे कपडे धूत होती. सोमवारी चिखलाने थबथबलेले सदरे पिशव्या भरभरून यायचे आणि गुरुवारी इस्त्री होऊन खुंट्यांवर लागायचे. कोण खेळाडू नाक सदऱ्याला पुसतो आणि कुणाची आई अजून मोज्यांवर नाव शिवून देते, हे सगळं तिला ठाऊक असायचं. सामन्याच्या दिवशी ती खेळाडूंच्या वाटेलगतच्या आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसून त्यांना नावानिशी शिव्या घालायची. मेरियनला फुटबॉल कळत नव्हता आणि पॉलिनला पुस्तकं आवडत नव्हती. तरी सव्वीस वर्षं दोघींची एकमेकींच्या स्वयंपाकघरात ऊठबस होती.

निकालानंतर पॉलिन तिला टाळेल अशी मेरियनची अपेक्षा होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्याच दिवशी पॉलिन नेहमीसारखी मागच्या दाराने आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काय हे, मेरियन. आमची वाट लावलीस की तू." मग लगेच पुढे म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. क्लबात सगळे बोंबलतायत, म्हातारीने आकडा फुगवला म्हणून. मी सरळ सांगितलं, ती बाई दुकानदाराने एक पेनी जास्त परत दिली तर अर्धा मैल चालत जाऊन देऊन येते. तिने आठशे म्हटलं तर आठशे. तुमचा तो टोकदार बूटवाला झोपला असेल."

मेरियनने तिच्यापुढे केक ठेवला. स्वतःच्या बशीतला तुकडा तिने चमच्याने इतका बारीक केला की शेवटी त्याचा भुगा उरला.

नवं मैदान नाही आणि जुन्याची मुदत संपलेली, अशा अवस्थेत क्लबला मे महिन्यात गाशा गुंडाळावा लागला. चाळीस मैलांवरच्या एका क्लबचं मैदान त्यांनी सामन्यांपुरतं भाड्याने घेतलं. तिथे धुलाईची व्यवस्था होती, धुणारी बाईही होती. पॉलिनला त्यांनी एक घड्याळ आणि फुलांचा गुच्छ दिला. तिच्याकडे गाडी नव्हती. शनिवारची बस धरायची तर दोनदा बदलावी लागायची आणि परतीची मिळायची नाही. जूनपासून ती वेस्टरिंगच्या वृद्धाश्रमात चादरी धुवायला जाऊ लागली. "चादरींना नावं नसतात," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी दुपारी मेरियनला तिच्या घरातून रेडिओ ऐकू यायचा. जिल्ह्याच्या स्टेशनवर सामन्याचे गोल अधूनमधून सांगायचे. ते सांगून झालं की रेडिओ बंद व्हायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा लागायचा. मेरियन परसात वाफे भांगलत असेल तर खुरपं टाकून आत जायची.

क्लब स्वस्थ बसला नव्हता. त्यांच्या लोकांनी पुन्हा तीनदा गाड्या मोजल्या. तीनशे पाच, दोनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे वीस. तेवढ्या बळावर त्यांनी सरकारकडे अपील केलं आणि पुढच्या मार्चमध्ये वेस्टरिंगच्या नगरभवनात निरीक्षकापुढे सुनावणी ठरली. पंचायतीने पुन्हा मेरियनलाच उभं करायचं ठरवलं. त्या ठरावाला हात वर करताना क्लाइव्ह तिच्याकडे बघून हसला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानी गेली. नव्याकोऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे त्याची काचेची खोली होती. तिने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. नळी, जीपवाला, पेन्सिलीतला शेरा, आडवी रेघ. 

"मला माहीत आहे," तो शेवटी म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"बायपास बंद होता ते. मी स्वतः त्या रांगेत होतो, तुमच्या समोरून गेलो. हात केला होता तुम्हाला, तुमचं लक्ष नव्हतं. निम्म्या पंचायतीला माहीत आहे, मेरियनबाई. आम्हाला वाटलं, तुम्ही विचार करूनच गाळलंय. मी तर म्हटलं, बाई दिसतात तशा साध्या नाहीत." तो समजुतीच्या सुरात बोलत होता. "आणि सुपीक जमीन, गावाची शांतता, ती कारणं खोटी आहेत का? शेत वाचलं. झालं तर मग. आता त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं?"

तिने एकटीने चोरून केलेली गोष्ट गावाने कधीच वाटून घेतली होती. ओझं हलकं व्हायला हवं होतं, पण तसं झालं नाही. ज्या एका माणसाला यातलं काही माहीत नव्हतं, ती बाई तिच्यासाठी जगाशी भांडत होती.

कच्चा तक्ता तिच्याकडे होता. शिक्षकी पेशात कच्चं काम फेकायची सवयच नसते. तिने तो ड्रॉवरमधून काढला आणि हँडबॅगेत ठेवला. पॉलिनला आधी सांगायचं, हेही ठरवलं. त्या आठवड्यात पॉलिन दोनदा येऊन गेली. पहिल्या खेपेला मेरियनने तिला वृद्धाश्रमाबद्दल विचारलं, दुसऱ्या खेपेला तिच्या गुडघ्याबद्दल.

सुनावणीच्या सकाळी दोघींना जायचं होतंच. पॉलिन क्लबच्या बाजूने बसणार होती, तरी मेरियनच्याच गाडीने जायला तिला काही वावगं वाटत नव्हतं. गळ्यात क्लबचा हिरवा-पांढरा मफलर होता. बारीक पाऊस पडत होता. गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "आज तुम्ही जिंकलात तर परतीला मी तुझ्याशी बोलणार नाही हं. उद्यापासून बोलेन."

"पॉलिन, त्या दिवशी बायपास बंद होता."

"कुठल्या दिवशी?"

मेरियनने सांगितलं. समोर रस्त्याकडे बघत, वर्गात गणिताच्या पायऱ्या सांगाव्यात तसं, एकही पायरी न गाळता. काच पुसणारी दांडी मागेपुढे होत होती. 

"मी लिंडाशी बोलत नाही," पॉलिन म्हणाली. "तिकिटं विकायची ती लिंडा. वीस वर्षांची मैत्रीण. ती म्हणाली, तुझ्या शेजारणीने खोटं केलंय. मी तिला नाही नाही ते बोलले. सव्वा वर्ष झालं."

"मला तुला सांगायचं होतं गं."

"कधी? गाडी थांबव."

"पाऊस आहे. अजून मैलभर आहे."

"थांबव म्हटलं ना."

मेरियनने बसथांब्यापाशी गाडी थांबवली. पॉलिन उतरली, दार हळूच लावलं आणि मान खाली घालून चालू लागली. मेरियनला तिच्या शेजारून गाडी पुढे काढावी लागली. आरशात तो हिरवा-पांढरा मफलर बराच वेळ दिसत होता.

निरीक्षक एक मध्यमवयीन, शांत बाई होत्या. पंचायतीची पाळी आल्यावर मेरियन उठली, कच्चा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली की माझ्या आकड्याला काही अर्थ नाही, कारण हे. खोलीत कुजबुज झाली. क्लाइव्ह छताकडे पाहत बसला. निरीक्षकबाईंनी तारीख विचारली, अक्षर तुमचंच ना असं विचारलं आणि लिहून घेतलं. मग क्लबचा वकील उभा राहिला. तो आवाज चढवील अशी तिने तयारी ठेवली होती, पण तो मऊच बोलला.

"शेरा लिहून झाला होता. मग तो पुढे का उतरवला नाहीत?"

उत्तरं तिने बरीच घोकली होती. जमीन, शांतता, गावाचं हित. शेवटच्या बाकावर पॉलिन ओल्या केसांनी बसलेली तिला दिसली.

"मला जिंकायचं होतं," मेरियन म्हणाली.

निकाल मेमध्ये आला. रहदारीचा आक्षेप निरीक्षकांनी पूर्ण फेटाळला होता, पंचायतीच्या मोजणीची दखलही घेतली नव्हती. तरीही अपील नामंजूर झालं. गाव आणि शहर यांच्यामध्ये उरलेली ती एवढीच मोकळी जमीन, ती गेली तर दोन्ही एक होतील, हे कारण त्यांना पुरेसं वाटलं होतं. म्हणजे एक ओळही न गाळता गाव जिंकलं असतं.

क्लाइव्ह आनंदात होता. त्याने फोन करून तिला तसं सांगितलंसुद्धा, की बघा, तुमच्याने काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही. तिने त्याच दिवशी राजीनामा लिहून टपालपेटीत टाकला.

काही बिघडलं नाही, हे तिला दोन दिवस खरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पॉलिन दारात आली. पुढच्या दारात. सुनावणीनंतर पहिल्यांदाच. आत ये म्हटलं तर आली नाही.

"तुला एक माहीत असावं म्हणून आले," ती म्हणाली. "गुरांच्या जुन्या बाजाराची जागा होती, स्टेशनामागची. पहिला निकाल लागला त्या डिसेंबरात ती विकायला निघाली होती. जमिनीचं कारण लिहून नाही म्हटलं असतं, तर क्लबने तेव्हाच तो नाद सोडला असता आणि ती जागा घेतली असती. पण कारण लिहिलं होतं गाड्यांचं. गाड्यांचा आकडा खोटा आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांना वाटलं, आपण अपिलात जिंकणार. वाट बघत बसले. आता तिथे गोदाम झालंय. एवढंच."

 माफ कर हा शब्द मेरियनने सुनावणीनंतर पाठवलेल्या पत्रात दोनदा लिहिला होता आणि पॉलिनने पत्राचं उत्तर दिलं नव्हतं. या वेळी ती तो बोललीच नाही. पॉलिन जाईपर्यंत दाराला धरून उभी राहिली.

उन्हाळा गेला. मेरियन दर शुक्रवारी पॉलिनच्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकायची: उद्या सामन्याला न्यायला मी आहे, दीड वाजता निघू. शनिवारी दीडला ती गाडी बाहेर काढून पावणेदोनपर्यंत थांबायची आणि परत आत घ्यायची. हे तिने ऑगस्टभर केलं, सप्टेंबरभर केलं. आधी निम्मं गाव जाणून होतं, आता उरलेल्या निम्म्यालाही सगळं कळलं होतं. कुणी तिला टाकून बोललं नाही, पण दुकानात कुणी हिशेबाची चिठ्ठी तपासायला आता तिच्याकडे सरकवत नव्हतं.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी पॉलिन बाहेर आली. गाडीत बसली, पट्टा लावला. "पेट्रोलचे निम्मे पैसे मी देणार," म्हणाली. चाळीस मैलांत याखेरीज ती तीनदा बोलली, तिन्ही वेळा रस्ता सांगायला.

परक्या मैदानावर वेस्टरिंगची दोनशे माणसंही नसतील. वारा झोंबत होता. पॉलिनने कागदी पेल्यातून दोन चहा आणले, एक मेरियनच्या हातात दिला. खेळ सुरू झाला. पॉलिन काही शिव्या देत नव्हती. खेळाडू बरेचसे नवे होते, त्यांची नावं तिला ठाऊक नव्हती, आणि सदरे नीट धुतलेले नव्हते. कॉलरी पिवळट दिसत होत्या. ती त्यांच्याकडेच बघत होती.

मध्यंतरात लोकरी टोपी घातलेली एक जाडसर बाई पायऱ्या चढून आली आणि पॉलिनच्या पलीकडे बसली. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. एकदा हसल्याही. ती लिंडा असणार, हे मेरियनने ओळखलं आणि तिने पेल्यात डोळे घातले. मग त्या बाईने पुढे वाकून विचारलं, "आणि या कोण?"

पॉलिनने मैदानावरची नजर काढली नाही.

"आमच्या गल्लीत राहते," ती म्हणाली. "गाडी आहे तिच्याकडे."

खेळाडू परत मैदानात येत होते. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. पॉलिन उठली, लिंडा उठली. चहाचा पेला कुठे ठेवावा हे न कळून मेरियनही तो हातात धरून उठली आणि दोघींच्या मागे थोडं अंतर राखून उभी राहिली.